काढा की रस्सा?

डुकराच्या फासळ्या मुळ्यासालींबरोबर मंद आंचेवर दोन-दोन तास शिजवून दक्षिण चीनमध्ये आणि आग्नेय आशियातील चिनी वस्त्यांत घरोघर जो रस सिद्ध करतात, त्यास अन्न म्हणावे की औषध, या प्रश्नाचा निकाल ज्याने त्याने आपापल्या सोयीने लावून टाकलेला आहे. वैद्य त्यास पथ्य म्हणतो, खाणावळवाला न्याहारी म्हणतो, तयार पुडी विकणारा कारखानदार दोन्ही म्हणतो, आणि सरकारांचे म्हणाल, तर एका सरकारने त्यातील मुळ्यांची खाद्यवस्तूंच्या यादीत नोंद केली आहे आणि दुसऱ्याने सबंध पदार्थच राष्ट्रीय वारशाच्या दफ्तरी दाखल केला आहे. या सर्व दाव्यांचा येथे आढावा घ्यावयाचा आहे. मात्र तो घ्यावयाचा, तो ज्यास हा रस्सा स्वतःच्या चुलीवर करावयाचा आहे अशा माणसाच्या बाजूने, कारण हातात झारा घेऊन पातेल्याशी उभे राहिल्यावर जे प्रश्न पडतात ते ग्रंथकारांस सहसा पडत नाहीत.

प्रथम नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. ‘चिनी औषधी सूप’ या एका नावाखाली निदान चार वेगवेगळी पातेली उकळत असतात. ग्वांगदोंग प्रांतात, म्हणजे ज्यास आपले जुने लोक कँटनचा मुलूख म्हणत तेथे, घरातील रोजच्या दीर्घकाळ शिजविलेल्या सुपास ‘जुन्या विस्तवाचे सूप’ असे नाव आहे. त्यात फासळ्यांबरोबर आपल्या कोनफळाच्या कुळातील एका कंदाच्या सुकविलेल्या चकत्या, कमळाचे बी, लाल खजुरासारखी दिसणारी सुकी बोरे, आणि ज्या पाणवनस्पतीपासून आपला उपवासाचा मखाणा होतो तिचेच बी घालतात. हा रस गोडसर, फिकट आणि इतका निरुपद्रवी असतो की त्यास औषध म्हणताना संकोच वाटावा. तैवानात याच्या अगदी उलट प्रकार आहे. तायपेईच्या राओह रस्त्यावरील रात्रीच्या बाजारात मिळणारा फासळ्यांचा रस्सा काळा, उग्र आणि कडवटपणाकडे झुकणारा असतो, आणि ७ नोव्हेंबरच्या सुमारास हिवाळा लागतो त्या दिवशी असे काही बलवर्धक खाण्याची तेथे रीतच आहे. तिसरा आणि चौथा प्रकार मलेशियातील क्लांग आणि सिंगापूर यांचा. दोघांचे नाव ‘बाक कुत ते’ हेच. परंतु क्लांगचा रस्सा सोया सॉसने काळसर झालेला आणि मुळ्यांच्या वासाने भारलेला, तर सिंगापूरचा तेओच्यू नावाच्या चिनी लोकांचा रस्सा पाण्यासारखा नितळ, ज्यात मुळ्यांना जवळजवळ मज्जाव असून सारा कारभार लसूण आणि पांढरी मिरी या दोघांच्या हाती असतो. तेव्हा सिंगापूरच्या वाडग्यास ‘औषधी’ हे विशेषण लावणे म्हणजे आपल्या मिरीच्या सारास औषध म्हणण्यापैकीच होय.

‘बाक’ म्हणजे मांस, ‘कुत’ म्हणजे हाड आणि ‘ते’ म्हणजे चहा. नुसते मांस म्हटले की ते डुकराचे, हे चिनी भाषेत गृहीतच असते. चहाचे मात्र एक पानही या पातेल्यात पडत नाही. एक स्पष्टीकरण असे की चीनच्या फूकियन प्रांतातील कडक उलूंग चहा लहान लहान पेल्यांतून बरोबर पितात, चरबीचा ओशटपणा तोडण्यासाठी, आणि त्यावरून हे नाव पडले. दुसरे असे की क्लांगमधील एका खाणावळवाल्याच्या नावाचे शेवटचे अक्षर ‘ते’ होते आणि गिऱ्हाइकांनी ते पदार्थास चिकटविले. ही दुसरी हकीकत क्लांगचे लोक मोठ्या अभिमानाने सांगतात, आणि एवढ्याच कारणासाठी ती जराशी जपून घ्यावी असे मला वाटते. नावापुरते आणखी एक सांगण्याजोगे आहे. आपला ‘चहा’ आणि फूकियनचा ‘ते’ हे एकाच चिनी अक्षराचे दोन उच्चार. पहिला कँटन-मकावच्या आणि खुष्कीच्या वाटेने आपल्याकडे आला, दुसरा फूकियनच्या बंदरांतून डचांच्या गलबतांवर चढून इंग्रजांचा ‘टी’ झाला. त्यामुळे ‘बाक कुत ते’ या नावातील तिसरा शब्द मराठी वाचकास तितकासा परका नाही.

क्लांगजवळचे बंदर, ज्यास पूर्वी पोर्ट स्वेटनहॅम म्हणत, १९०१ साली सुरू झाले, आणि तेथील चिनी हमाल पहाटे कामावर जाण्यापूर्वी हा रस्सा भाताबरोबर पिऊन अंगात ताकद आणीत, अशी सर्वमान्य कथा आहे. परंतु हमालांच्या न्याहारीत वैद्याच्या पेटीतील मुळ्या आल्या कोठून, हा खरा प्रश्न. आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

चीनच्या प्राचीन राज्यव्यवस्थेचे वर्णन करणाऱ्या ‘चौ ली’ या ग्रंथात राजदरबारी नेमावयाच्या वैद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत, आणि त्यांत आहारवैद्याचे स्थान पहिले आहे. रोगांचा वैद्य दुसरा, व्रणांचा तिसरा आणि जनावरांचा चौथा. हान काळाच्या अखेरीस होऊन गेलेल्या चांग चोंगचिंग या वैद्याच्या संग्रहात दांगग्वेइ नावाची मुळी, आले आणि मेंढ्याचे मांस यांचा एक रस दिलेला आहे, आणि तो ज्यांना द्यावयाचा त्यांत पोटदुखीने त्रासलेली बाळंतीण आहे. आपल्याकडील बाळंतकाढा आणि डिंकाचे लाडू ज्यांनी खाल्ले-प्याले आहेत त्यांस यात नवल वाटणार नाही. पुढे १३३० साली मंगोल बादशहाच्या दरबारातील आहारवैद्य हू सहुइ याने खाण्यापिण्याच्या योग्य रीतींवर एक सबंध ग्रंथच सादर केला. आयुर्वेदात द्रव्याचे वीर्य उष्ण की शीत हे पाहतात, तसेच चिनी वैद्यकातही द्रव्याचा स्वभाव उष्ण, ऊन, गार की शीत हे आधी ठरवितात, चव त्यानंतर. म्हणून उन्हाळ्यातील कँटनी सूप आणि हिवाळ्यातील तैवानी सूप यांतील भेद केवळ आवडीनिवडीचा राहत नाही.

या परंपरेत ‘चार द्रव्यांचा काढा’ म्हणून एक फार प्रसिद्ध योग आहे, जो सोंग काळातील सरकारी औषधालयाच्या योगसंग्रहातही नमूद आहे आणि जो मुख्यत्वे स्त्रियांच्या रक्तासंबंधीच्या तक्रारींवर देतात. त्यातील चार द्रव्ये म्हणजे दांगग्वेइ, छ्वानश्योंग, शिजवून काळी केलेली दीह्वांग आणि पांढऱ्या पिओनीची मुळी. आता क्लांगच्या पातेल्यात डोकावून पाहिले तर यांपैकी पहिली तीन तेथे बहुधा हजर आढळतात, चौथीचा मात्र नेम नसतो. माझ्या मते हीच या सबंध प्रकरणाची किल्ली आहे. वैद्याच्या योगातील ज्या मुळ्यांना वास आणि रंग होता त्यांना स्वयंपाकघराने सहज आत घेतले. जिच्यापाशी फिकी तुरट चव तेवढी होती ती दाराशी खोळंबली. म्हणजे निवड औषधातून झाली खरी, पण निवडणारी होती जीभ.

तेव्हा या मुळ्यांची ओळख स्वयंपाक्याच्या दृष्टीने करून घेणे हेच बरे. दांगग्वेइ ही गान्सू प्रांतातील मिनश्येन भागाची नामांकित. छ्वानश्योंगच्या नावातच सचुआनचे ‘छ्वान’ आहे. या दोन्ही मुळ्या आपल्या कोथिंबीर, जिरे, ओवा आणि बडीशेप यांच्या कुळातील असून दोन्हींच्या उग्र वासास कारण होणारे तेल परदेशी सेलरीच्या वासाशी नाते सांगते. हे एकदा ध्यानात आले म्हणजे त्यांचे प्रमाणही आपोआप उमगते, कारण ओवा मूठभर घालावयाचा नसतो हे कोणास शिकवावे लागत नाही. मला ते वेळेवर उमगले नाही. पहिल्या खेपेस एक किलो फासळ्यांना मी दांगग्वेइच्या दहा-बारा मोठ्या चकत्या घातल्या, आणि घरातील मंडळींनी वाडगे नाकाशी नेऊन, आजारी कोण आहे, अशी विचारणा केली. शू दीह्वांग, म्हणजे शिजविलेली दीह्वांग, ही परंपरेप्रमाणे नऊ वेळा वाफवून नऊ वेळा वाळविलेली, डांबरासारखी काळी आणि चिकट असते. ती रश्शास रंग आणि काकवीची आठवण करून देणारा गोडवा देते, पण हात सैल सुटला तर पातेल्यात शाई सांडल्यासारखे दिसते. दांगशेन ही जिनसेंगच्या जागी वापरण्याची स्वस्त आणि गोड मुळी, यूचू तिच्याहून सौम्य. या दोघी रश्शाचा कणा आहेत आणि त्यांच्या बाबतीत थोडी उदारता क्षम्य आहे. गौछी म्हणजे निंगश्याकडील लहान लाल फळे शोभेसाठी आणि किंचित आंबटगोडीसाठी. ज्येष्ठमध, दालचिनी, लवंग, बडीशेप आणि चक्रीफूल यांचा परिचय करून देण्याचे कारण नाही. एवढेच सांगतो की चक्रीफूल इतबारी दुकानातूनच घ्यावे, कारण त्याच्यासारखेच दिसणारे एक जपानी फळ विषारी आहे.

या विषयाकडे चीनचे सरकार कसे पाहते हे मोठे उद्बोधक आहे. औषध असूनही अन्न म्हणून वापरण्यास मोकळ्या असलेल्या वस्तूंची ८७ नावांची यादी तेथील आरोग्य खात्याने २००२ साली जाहीर केली. ज्येष्ठमध, गौछी, यूचू, कमळबीज ही नावे तीत प्रथमपासून आहेत. दांगग्वेइ मात्र नव्हती. तिला २०१९ साली प्रवेश मिळाला तो अटीवर: केवळ मसाला आणि स्वाद आणणारी वस्तू म्हणूनच वापरण्याची मुभा. त्याच वर्षी, त्याच अटीवर, तिच्या शेजारी आणखी ज्या वस्तू दाखल झाल्या त्यांत हळद, केशर आणि पिंपळी आहेत! दांगशेनला २०२३ पर्यंत आणि दीह्वांगला २०२४ पर्यंत थांबावे लागले, आणि त्या वर्षी भरून १०६ झालेल्या नावांतही छ्वानश्योंगचे नाव नाही. क्लांगच्या पातेल्यात ती पिढ्यान्‌पिढ्या शिजत आली, हा भाग निराळा. पण सरकारी कारकुनाने दांगग्वेइला घातलेली अट कोणत्याही जाणत्या आजीने घातली असती तीच आहे. मसाल्याइतकी वापरा, त्यापुढे जाल तर वैद्यास विचारा.

आता चुलीकडे वळू. मराठी घरांत बहुतेक ठिकाणी डुकराचे मांस शिजत नाही, पण वसईचे ख्रिस्ती बांधव आणि गोमंतकातील घरे यांस ते नवे नाही, आणि परदेशी राहणाऱ्या मराठी माणसास तर ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. फासळ्या मांसल आणि थोड्या चरबीच्या घ्याव्यात, दोन-दोन बोटांचे तुकडे करून. पहिला संस्कार म्हणजे त्यांना गार पाण्यात घालून पाण्यास हळूहळू उकळी आणणे, वर आलेली करडी मळी पाण्यासकट फेकून देणे आणि प्रत्येक तुकडा स्वच्छ धुणे. येथे नवशिके दोन चुका करतात. आधणाच्या पाण्यात फासळ्या टाकल्या की बाहेरचे मांस तत्काळ आवळते आणि आतील रक्त आतच अडकते, ही एक. आणि पहिले पाणी फेकताना जीव हळहळतो म्हणून ते ठेवून घेणे, ही दुसरी. त्या पाण्यात सत्त्व जाते ते नगण्य, आणि मागे राहतो तो वास.

त्यानंतरचा वाद विस्तवाचा. उकळीचे सूप तीन तास आणि बंद भांडे वाफेवर ठेवून करावयाचे सूप चार तास, असा कँटनचा शिरस्ता आहे. पण तो साऱ्या मांसास सरसकट लावणे मला पटत नाही. हाडाभोवतालच्या स्नायुबंधांतील कोलॅजन सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू विरघळून जिलेटिन होते, आणि रश्शास ओठांस किंचित चिकटणारा जो मऊ दाटपणा येतो तो त्याचा. फासळ्यांच्या बाबतीत दीड ते दोन तासांत हे काम उरकते. तीन तासांनी हाड सुटे, मांस चोथा आणि रस्सा मात्र फारसा अधिक नाही. आंच किती, याची खूण अशी की पृष्ठभागावर एखादाच बुडबुडा उठावा. खळखळून उकळले तर चरबीचे कण रसात घुसळले जातात आणि तो दुधासारखा पांढरा होतो. पांढरा रस्सा म्हणजे हाडातील चुना उतरला, अशी समजूत चिनी घरांतूनही पुष्कळ आढळते. तो चुना नव्हे, ती घुसळलेली चरबी होय. (कोल्हापूरचा पांढरा रस्सा नारळाच्या दुधाने आणि खसखशीने पांढरा होतो, त्याचा या प्रकाराशी संबंध नाही.) मीठ शेवटी, गौछी अखेरच्या दहा मिनिटांत, आणि सोया सॉस घालावयाचा असल्यास तोही शेवटीच, कारण रस आटत जातो आणि आधी घातलेला खारटपणा नंतर काढता येत नाही. मटण शिजविताना आपल्याकडे जो अळणी रस निघतो तो हळद-मिठाचा पहिला हात लागूनही अळणीच म्हणवतो. चिनी रस्सा शेवटच्या घटकेपर्यंत खरोखरीच अळणी असतो.

एक किलो फासळ्यांस तीन लिटर पाणी घेतले तर दांगग्वेइच्या दोन पातळ चकत्या, म्हणजे फार तर ५ ग्रॅम, तेवढीच छ्वानश्योंग, शू दीह्वांगचा बोराएवढा एक तुकडा, दांगशेन आणि यूचू प्रत्येकी १५ ग्रॅम, ज्येष्ठमधाच्या दोन चकत्या, दालचिनीचा एक तुकडा, चक्रीफूल एक, लवंगा चार, पांढरी मिरी एक मोठा चमचा भरडून आणि लसणीचे दोन अख्खे गड्डे, बाहेरची माती धुऊन पण न सोलता. लसूण सोलली की दोन तासांत विरघळून जाते. सालीत राहिली की लोण्यासारखी मऊ होते आणि भातावर पिळून खाता येते. बारीक मुळ्या व मसाला मलमलीच्या पुरचुंडीत बांधावा. प्रेशर कुकर वापरू नये असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी मी सहमत नाही. फासळ्या अर्धा तास कुकरमध्ये शिजवून, वाफ आपोआप जिरू देऊन, मग पुरचुंडी आत सोडून उघड्या पातेल्यात अर्धा-पाऊण तास मंद ठेवले, तर वेळ वाचतो आणि वासही हाताबाहेर जात नाही. मातीच्या भांड्याचा मोठेपणा मान्य करूनही, घरी शेगडी एक आणि माणसे चार असतील तर कुकरचा निवाडा योग्य ठरतो.

पुड्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. मलेशिया आणि सिंगापूरच्या तयार पुड्या जगभर जातात, त्यांची चव ठरलेली असते, आणि ज्यास पाच मुळ्या पाच ठिकाणी शोधाव्या लागतील त्याने पुडीच घ्यावी. तिच्यात काय आहे ते वाचून मात्र घ्यावे. आपल्या काष्ठौषधींच्या दुकानात ज्येष्ठमध मिळेल, दांगग्वेइ बहुधा मिळणार नाही. आणि मिळती-जुळती मुळी म्हणून दुकानदार भलतेच काही देऊ लागला तर हात आखडता घ्यावा. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन उतरविण्याच्या औषधांत एका चिनी मुळीऐवजी नावाने जवळची अशी दुसरी मुळी गेली; त्या दुसरीतील आम्लाने कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. ती मुळी या रश्शात पडत नाही. पण नामसाम्याने केवढा अनर्थ होतो याचा तो दाखला आहे.

प्रकृतीसंबंधीच्या दाव्यांपैकी कॅल्शियमचा दावा सपशेल खोटा आहे. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, आणि तेवढ्याच हाडांच्या रसात त्याचा अगदी क्षुल्लक अंश उतरतो, कितीही तास उकळला तरी. ‘रक्त वाढते’, ‘अंगात ऊब येते’ हे दावे निराळ्या कोटीतील. मुळ्यांच्या चार-पाच ग्रॅममध्ये तशी ताकद असल्याचे सिद्ध झालेले नाही, आणि गरम, चरबीयुक्त, मिरीदार रस्सा थंडीत प्यायल्यावर ऊब येण्यासाठी मुळ्यांची गरजही नाही. धोके मात्र काहींस खरे आहेत. दीर्घकाळ उकळलेल्या मांसरसात प्युरीन पुष्कळ उतरते, म्हणून संधिवाताचा गाऊट हा प्रकार ज्यांस आहे त्यांनी त्याच्या वाटेस जाऊ नये. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी दांगग्वेइ वर्ज्य करावी, कारण तिने त्या औषधाचा प्रभाव वाढल्याची उदाहरणे वैद्यकात नमूद आहेत. गर्भवतींनीही ती वैद्यास विचारल्याशिवाय घेऊ नये. ज्येष्ठमधाच्या दोन चकत्यांनी कोणाचे काही बिघडत नाही, पण रोज आणि मनमुराद घेतल्यास रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घटते. ज्यास हा रस्सा औषध म्हणून प्यावयाचा आहे त्याने औषधाची ही दुसरी बाजूही पत्करली पाहिजे.

मालकीची तक्रार थोडक्यात. २००९ साली मलेशियाच्या पर्यटनमंत्री एंग येन येन यांनी, आपले पदार्थ शेजाऱ्यांनी बळकावले अशी जी जाहीर फिर्याद मांडली, तीत बाक कुत तेचे नाव होते, आणि सिंगापूरकरांनी त्यावर यथेच्छ तोंडसुख घेतले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मलेशियाने इतर नऊ पदार्थांबरोबर यास राष्ट्रीय वारसा म्हणून घोषित केले, तेव्हा वाद घरातूनच उठला. बहुसंख्य मुसलमान असलेल्या देशाचा वारसा डुकराच्या मांसाचा कसा, असा प्रश्न राजकारण्यांनी विचारला, आणि उत्तरादाखल कोंबडीच्या ‘चिक कुत ते’चे नाव पुढे करण्यात आले. फैसला सरकारी दफ्तरात काहीही होवो, कोंबडीचा रस्सा मी केलेला आहे आणि तो चांगला होतो. मात्र तो पाऊण तासात उतरवावा आणि दांगग्वेइची एकच चकती घालावी, कारण कोंबडीच्या रसाला उग्र वास पेलत नाही.

वाढताना साधा भात, काळ्या सोया सॉसमध्ये चिरलेल्या तिखट मिरच्या, आणि मिळाल्यास यूत्याव म्हणजे तळलेल्या मैद्याच्या लांब कांड्या, रश्शात बुडवून खाण्यासाठी. रस्सा उरला तर रात्रभर थंड जागी ठेवावा. सकाळी वर जमलेली चरबी सहज निघते आणि दुसऱ्या दिवशीची चव पहिल्या दिवसापेक्षा बरी असते. पुरचुंडी तेवढी निजण्यापूर्वी आठवणीने काढून टाकावी. रात्रभर आत राहिली तर सकाळी पातेल्यात काढाच असतो.